बेत बदलला, व्हिसा तोच

प्रश्न : पाठपिशवी घेऊन युरोपात गेलेल्या माझ्या मुलाचा मित्र म्युनिकहूनच परतला. आता मुलगा एकटाच, वाटेतल्या गाड्यांना हात दाखवत, क्रोएशियामार्गे सर्बियापर्यंत जाऊन पुन्हा म्युनिकला येणार म्हणतो. त्याला काय सांगावे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सर्वप्रथम त्याच्याकडून पासपोर्टमधील व्हिसाच्या पानाचा फोटो मागवून घ्या. प्रवेशसंख्येच्या रकान्यात ०१ असेल, तर सर्बियाचा विचार सोडावा, कारण क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असला तरी सर्बिया त्याबाहेर आहे आणि एकदा ती सीमा ओलांडली की त्याच व्हिसावर म्युनिकला परतता येणार नाही. मुक्कामाचे दिवस मोजताना प्रवेशाचा आणि निघण्याचा, असे दोन्ही दिवस धरावेत. बेत बदलताना मुले नेमके हेच विसरतात, म्हणून आग्रहाने सांगतो.

आपल्याकडे माजिवड्याला हमरस्त्याच्या कडेला उभे राहून गाडीला हात करतात, तसे जर्मनीत ऑटोबानवर, म्हणजे तेथील द्रुतगती महामार्गावर, करता येत नाही. तेथे पायी उतरण्यासच मनाई आहे. त्याने महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर, पुढच्या शहराचे नाव ठळक लिहिलेला पुठ्ठा धरून उभे राहावे. बसण्यापूर्वी गाडीच्या क्रमांकाचा फोटो तुम्हाला पाठवावा, पासपोर्ट आणि पैसे पाठपिशवीत न ठेवता अंगावर बाळगावेत आणि अंधार पडू लागताच सरळ बस पकडावी. संकटकाळी ११२ हा क्रमांक जर्मनी आणि क्रोएशियात चालतो.