भार डोक्यावर नको, शेजारी उभा राहू द्या

प्रश्न : आमची इमारत 1984 सालची, तळमजला अधिक तीन, बारा बिऱ्हाडं. लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे आई आठ महिने तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. जिन्याबाहेर लोखंडी सांगाड्याची लिफ्ट बसवून देतो, असं एक कंत्राटदार म्हणतो. जुनी इमारत ते वजन पेलेल का? – वाचक, कोथरूड

ते वजन इमारतीवर येताच कामा नये. सांगाड्याला स्वतःचा पाया हवा आणि सगळा भार त्या पायानेच घ्यायला हवा. उंच, अरुंद सांगाडा वाऱ्याने डुलू नये म्हणून प्रत्येक मजल्याला इमारतीचा आडवा आधार लागतो. तो काँक्रीटच्या बीममध्ये धरायचा, विटांच्या भिंतीत कधीच नाही. बोल्टची भोकं उभी लांबट ठेवायची. नवा पाया पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत थोडा तरी खचतो. जोड खाली-वर सरकू शकला नाही, तर तुमच्या भिंतींना तडे जातात. काळी माती असेल तर हे अधिकच जपावं लागतं.

लिफ्टसाठी तळाशी साधारण दीड मीटरचा खड्डा लागतो आणि तो नेमका जुन्या फुटिंगजवळ, म्हणजे कॉलमखालच्या पायाजवळ येतो. आधी एका ठिकाणी खणून फुटिंग किती खोल आहे ते बघा, मगच रेखाटन पक्कं करा. हे काम पावसाळ्यात काढू नका. बाकी मजलाभर उंचीच्या चौकटी कारखान्यातून तयार होऊन येतात, क्रेनने उचलून बोल्टने जोडल्या जातात. रहिवाशांना घर सोडावं लागत नाही. चौकटी गॅल्व्हनाइझ केलेल्याच, म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्याच घ्या. नुसत्या रंगावर भागवू नका.

आता तुमच्या आईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. त्या काळातल्या बहुतेक इमारतींत जिन्याचं मधलं लँडिंग बाहेरच्या बाजूला असतं. लिफ्ट तिथे लावली की दार दोन मजल्यांच्या मध्ये उघडतं आणि उरलेल्या आठ-नऊ पायऱ्या चढाव्याच लागतात. ज्यांच्यासाठी एवढा खर्च केला, ते घरातच राहतात. मी अशा लिफ्ट पाहिल्या आहेत आणि दर वेळी मन कळवळलं आहे. म्हणून कंत्राटदाराला पहिला प्रश्न विचारा : दार कोणत्या पातळीला उघडणार? घराच्या पातळीला उघडायचं असेल तर सांगाडा बाल्कनीच्या बाजूला न्यावा लागेल आणि बाल्कनीतून प्रवेश काढावा लागेल. बाल्कनी जाते, घराची रचना थोडी बदलते. तरीही मी हाच मार्ग निवडेन.

तळमजल्यावरच्यांचा विरोध बहुधा उजेड आणि हवा जाण्याला असतो, आणि तो रास्त आहे. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी सोडून जागा निवडा आणि बांधकामाच्या वर्गणीतून त्यांना वगळण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मांडा. काचेचा डबा करू नका, पश्चिमेच्या उन्हात तो भट्टीसारखा तापतो. जाळीदार पत्रा बरा. महापालिकेची परवानगी आणि लिफ्ट निरीक्षकांचा परवाना दोन्ही लागतील.

प्रश्न : आमची इमारत 35 वर्षांची, खाली पार्किंग. गच्चीवर हलक्या स्टीलचे तयार फ्लॅट बसवायचे आणि त्यांच्या विक्रीतून इमारतीची दुरुस्ती करायची, असा प्रस्ताव आला आहे. ‘वजन नगण्य’ असं सांगतात. – वाचक, डोंबिवली

सही करू नका. निदान आज तरी.

हलक्या स्टीलचं घर काँक्रीटच्या घरापेक्षा खरंच पुष्कळ हलकं असतं. 500 चौरस फुटांची पाच इंची काँक्रीटची नुसती स्लॅबच सुमारे साडेचौदा टन भरते. पण हलकं म्हणजे नगण्य नव्हे. राहत्या घरासाठी माणसं आणि सामान यांचा भार दर चौरस मीटरला 200 किलो धरतात, वापरत्या गच्चीसाठी 150. शिवाय पाण्याच्या टाक्या आल्या, आणि 1000 लिटर म्हणजे एक टन. तुमच्या गच्चीवर आधीच किती वजन आहे, हेही कुणी मोजलेलं नसेल. गळती झाली की गच्चीवरच्या जुन्या कोब्यावर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या थरावर, नवा कोबा, ही आपल्याकडची रीत. चार इंची विटांचा कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातो. असे दोन थर मी अनेक गच्च्यांवर उकरून काढले आहेत.

त्याहून मोठी काळजी पार्किंगची. भूकंपात इमारतीवर येणारं बळ तिच्या वजनाबरोबर वाढतं, आणि उंचावरचं वजन सर्वांत जास्त त्रास देतं. वर भिंतींनी आवळलेले मजले आणि खाली मोकळे कॉलम असले, की सगळा ताण त्या कॉलमांवर येतो. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये, अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरहून दूर होतं. तरी तिथे पार्किंगवर उभ्या असलेल्या कितीतरी इमारती कोसळल्या. ढाक्याजवळच्या सावरमध्ये 2013 साली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत पडली, 1100 हून अधिक माणसं गेली. तिथेही वरचे मजले बेकायदा चढवलेले होते.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार 30 वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं. ते करा, पण नुसत्या पाहणीवर थांबू नका. कॉलममधून कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांडीसारखा नमुना, काढून तपासा, सळ्यांचा गंज बघा. अभियंता सोसायटीने नेमलेला हवा, प्रस्ताव आणणाऱ्याने नेमलेला नको. कॉलम आणि पाया या दोन्हींत शिल्लक ताकद आहे असं त्याने आकड्यांनिशी लिहून दिलं, तरच पुढचं बोलणं.

प्रश्न : गच्चीवर सौर पॅनेल लावले तर स्लॅबला धोका आहे का? – वाचक, नाशिक

वजनाचा सहसा नाही. पॅनेल आणि सांगाडा मिळून दर चौरस मीटरला वीस-पंचवीस किलो. खरा धोका वाऱ्याचा. वारा पॅनेल खालून उचलतो आणि अँकर, म्हणजे स्लॅबमध्ये रोवलेले बोल्ट, उपटतो, म्हणून काँक्रीटचे ठोकळे की अँकर, हे हिशेबाने ठरवा. एक किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. सामायिक वापरासाठी सोसायट्यांना केंद्र सरकारच्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग मात्र आधी उरका.

प्रश्न : फ्रान्समध्ये जुन्या इमारती न पाडता घरं मोठी केली, असं वाचलं. आमच्या वसाहतीत पुनर्विकासाऐवजी हे होईल का? – वाचक, मुलुंड

तुम्ही वाचलंत ते बहुधा बोर्डो शहरातलं ग्राँ पार्क. 1960 च्या दशकातल्या तीन इमारती, 530 घरं. अ‍ॅन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या वास्तुरचनाकारांनी सहकाऱ्यांसह त्यांच्या दर्शनी बाजूला स्वतःच्या पायावर उभा असलेला तयार भागांचा सांगाडा लावला आणि प्रत्येक घराला 3.8 मीटर खोल जादा जागा दिली. काम चालू असताना लोक घरातच राहत होते. या कामाला 2019 चा मीस व्हान डर रोहे हा युरोपातला वास्तुकला पुरस्कार मिळाला आणि 2021 मध्ये त्या दोघांना वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार. मला हे काम मनापासून आवडतं. ओतलेलं काँक्रीट त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. एक टन सिमेंट बनवताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. धडधाकट इमारत पाडताना हा हिशेब आपण मांडतच नाही.

त्यांची जादा जागा काचेने बंद होते, थंडीत ऊब धरायला. आपल्याला उलट हवं : खोल सावली आणि वाहती हवा, म्हणजे चाळीतली गॅलरी किंवा कोकणातली पडवी. सांगाडा तोच, बंदिस्ती वेगळी.

अडचण जागेची आहे. दोन इमारतींमध्ये तीन मीटर असतील तर हा विषय तिथेच संपतो, कारण अग्निशमन दलाची गाडी फिरली पाहिजे. म्हाडाच्या काही जुन्या वसाहतींसारखं मोकळं आवार असेल, तर विचार जरूर व्हावा. सळ्या गंजून काँक्रीट सुटत असेल, तर मात्र पुनर्विकासच योग्य. तिथे गॅलरी जोडणं म्हणजे रहिवाशांची फसवणूक होईल. तुमच्या पत्रात इमारतींमधलं अंतर नाही. ते चारही बाजूंनी मोजा, मलनिःसारणाच्या वाहिन्या नकाशावर दाखवा आणि शेवटच्या ऑडिटचा अहवाल सोबत जोडून पुन्हा लिहा.