‘निग्रो’ लिहिलं तर बिघडलं कुठे?

प्रश्न असा आला आहे : “मुलीने शाळेच्या प्रकल्पात मार्टिन ल्यूथर किंग यांना ‘निग्रो पुढारी’ लिहिलं. अमेरिकेतल्या मामाने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि शब्द खोडून ‘कृष्णवर्णीय’ लिहायला लावलं. पण जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’च्या इंग्रजी अर्पणपत्रिकेत हाच शब्द आहे, आमच्या वेळच्या पुस्तकांतही होता. त्याचा अर्थ ‘काळा’ एवढाच ना? मग बिघडलं कुठे?”

अर्थ तेवढाच, अगदी बरोबर. स्पॅनिश-पोर्तुगीजमधलं ते साधं रंगाचं विशेषण, मांजरालाही लागतं. नुसती व्युत्पत्ती बघायची तर मामा हरले. पण शब्दकोश बाजूला ठेवून जुने कागद काढले की मामांची बाजू दिसायला लागते.

१६१९ सालच्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला एक जहाज लागलं. तिथल्या इंग्रज वसाहतीतला जॉन रोल्फ पत्रात कळवतो की जहाजावर ‘वीस आणि काही निग्रो’ होते आणि शिधासामग्रीच्या बदल्यात ते घेतले. अंगोलातून धरून आणलेली माणसं ही. त्यांना नावं होती, गावं होती, पण कागदावर उतरलं ते ‘वीस आणि काही’. मोजदादही धड नाही. आपण बाजारात डझन-दीड डझन म्हणतो तसं.

पुढे १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. मालकाचं नाव, त्याखाली एकेक ओळ : वय, स्त्री की पुरुष, रंग. रंगाच्या रकान्यात ‘बी’ म्हणजे ब्लॅक, नाहीतर ‘एम’ म्हणजे म्युलाटो, मिश्र वंशाचा. नावाचा रकानाच नाही. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी गेली आणि १८७० च्या जनगणनेत ही माणसं पहिल्यांदा सरसकट नावानिशी नोंदली गेली. त्यामुळे आजही तिथल्या एखाद्या कुटुंबाने वंशावळ शोधायला घेतली की बहुतेक वेळा गाडी १८७० ला अडते. आपल्यातल्या कुणीही नाशिक-त्र्यंबकला जावं, उपाध्यायांनी वही उघडावी आणि खापरपणजोबांची सही दाखवावी. ते सुख त्यांच्या वाट्याला नाही. अमेरिकेतले ब्लॅक पुढारी माल्कम एक्स यांच्या नावातला ‘एक्स’ याच हरवलेपणाचा आहे. गणितात अज्ञात राशीला ‘क्ष’ म्हणतो ना, तसं हरवलेल्या आडनावाच्या जागी ठेवलेलं अक्षर.

आता गंमत अशी की याच शब्दाला मान मिळवून देण्यासाठी दोन-तीन पिढ्या भांडल्या आहेत. भांडण होतं पहिल्या अक्षराचं. इंग्रजीत जर्मन, आयरिश, इंडियन ही नावं मोठ्या अक्षराने सुरू होतात. ‘निग्रो’ मात्र छोट्या ‘एन’ने, एखाद्या वस्तूसारखा छापायचे. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८९९ साली आपल्या फिलाडेल्फियावरच्या अभ्यासग्रंथात तळटीप टाकून सांगितलं की मी मोठं अक्षर वापरणार, कारण ऐंशी लाख अमेरिकी माणसांचा एका मोठ्या अक्षरावर हक्क आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते मानलं १९३० मध्ये! किंग तेव्हा वर्षाचे होते. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे मराठीत ‘निग्रो’ आला तो हे सगळं भांडण वाटेत सांडूनच आला. १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणात किंग स्वतः हा शब्द पुन्हापुन्हा वापरतात, ताठ मानेने वापरतात. तो भांडून मिळवलेला शब्द होता.

मग तो गेला का? यावरची सगळ्यात चांगली शब्दचर्चा मला १९२८ सालची वाटते. ड्यू बॉइस यांच्या ‘क्रायसिस’ मासिकाला एका शाळकरी मुलाने पत्र लिहिलं : हे नाव गोऱ्यांनी आम्हाला कमी लेखायला दिलंय, तुम्ही तरी ते का वापरता? ड्यू बॉइस यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की बाळा, नाव म्हणजे खूण. खूण बदलून तिरस्कार जात नाही. नवं नाव घेतलंस तर तो त्यालाही चिकटेल.

तर्क बिनतोड आहे, तरी माझं मत त्या मुलाच्या बाजूने पडतं. आपल्याकडे १९३८ मध्ये हेच झालं. मुंबईच्या विधानसभेत अस्पृश्यांसाठी कायद्यात ‘हरिजन’ शब्द येऊ घातला तेव्हा आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाचे सभासद विरोध करून सभात्याग करून गेले. ‘हरिजन’चा अर्थ काय वाईट होता? देवाची माणसं! प्रश्न अर्थाचा नव्हता. आमचं नाव तुम्ही कोण ठेवणार, हा होता.

१९६६ च्या जूनमध्ये मिसिसिपीतल्या ग्रीनवुडमध्ये नागरी हक्क चळवळीतले तरुण कार्यकर्ते स्टोकली कारमायकल यांनी ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली आणि काही वर्षांतच ‘निग्रो’ मागे पडला. आधी ‘ब्लॅक’ हा त्या समाजात एकमेकांना डिवचायचा शब्द होता, तोच त्यांनी उचलून छातीवर लावला. आणि ‘कृष्णवर्णीय’बद्दलची माझी कुरकुर इथेच आहे. त्यांनी आडपडदा न ठेवता ‘काळा’ म्हटलं. आपण भाषांतर करताना त्यावर संस्कृतची शाल पांघरली. स्थळं बघताना ‘सावळी’, ‘निमगोरी’ म्हणणारी आपली जीभ, तिला ‘काळा’ म्हणजे उणेपणाच वाटतो, म्हणून ही शाल. वर त्यात ‘वर्ण’ आहे, तो मराठी कानाला भलतीकडेच नेतो. शब्द अपमानकारक नाही, वर्तमानपत्रांत रुळलाय, चालू द्या. पण त्या घोषणेतला दणका त्यात उरत नाही.

भाषांतर कसं करावं ते १९७२ मध्ये मुंबईतल्या पोरांनी दाखवलं होतं. अमेरिकेतली ‘ब्लॅक पँथर’ संघटना पाहून त्यांनी आपली संघटना काढली तेव्हा ‘पँथर’ तसाच ठेवला आणि ‘ब्लॅक’च्या जागी ‘दलित’ घातला. रंगाला रंग शोधत बसले नाहीत.

कुणीतरी विचारेलच म्हणून : ‘हबशी’ किंवा ‘शिद्दी’ इथे चालणार नाहीत. ते मलिक अंबरचे, जंजिऱ्याचे शब्द. ‘शिद्दी’च्या मुळाशी तर ‘सय्यिदी’ म्हणजे ‘माझे स्वामी’ हे संबोधन मानतात. त्याचा प्रवास अगदी उलट्या दिशेचा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

तर मुलीच्या प्रकल्पात आपल्या वाक्यात ‘ब्लॅक पुढारी’ लिहा, ‘आफ्रिकन अमेरिकन’ही चालेल. सरकारी फॉर्मवरून ‘निग्रो’ काढायचं अमेरिकेच्या जनगणना खात्याने थेट २०१३ मध्ये ठरवलं. इतका उशीर झाला, कारण तोवर काही वयस्कर मंडळी स्वतःला तेच म्हणवत होती. तेव्हा त्यांच्या तोंडी तो शब्द आला तर दचकू नका. आणि प्रकल्पात किंग यांच्या १९६३ च्या भाषणाचा उतारा असेल, तर मामा काहीही म्हणोत, तिथला ‘निग्रो’ खोडू नका.