सशांची खरूज-गोचीड आणि पाल्याची औषधं

दादा, तुम्ही विचारलेल्या सशाच्या कानातल्या तपकिरी खपल्या म्हणजे कानातली खरूजच, ती करतो सोरोप्टिस नावाचा कोळी, म्हणजे गोचिडाच्या जातीचा बारीक किडा. खपली ओढून काढू नका, खालची कातडी सोललेली असते आणि ससा कळवळतो. कोमट करंज किंवा कडुनिंबाच्या तेलाचे दोन-चार थेंब सोडा, कानाचं मूळ हलकं चोळा. खपली आपोआप सुटते. कोळ्याचं चक्र साधारण तीन आठवड्यांचं, म्हणून खपली गेली तरी तेवढे दिवस सोडत राहा. मान वाकडी झाली, ससा गोल फिरू लागला, तर मात्र डॉक्टरच गाठा. आयव्हरमेक्टिन हे खरजेचं औषध त्यांच्याच हातून, वजन करून.

तंबाखूचा काढा, सीताफळाच्या बियांची पूड हे शेळीवाल्यांचे उपाय सशाला नकोतच. ससा अंग चाटतो, निकोटिन थेट पोटात जातं. सीताफळाची पूड डोळ्यात गेली तर डोळा जातो. लसूणही चारू नका. आणि कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध फिप्रोनिल सशाला विषच.

कॉक्सिडिओसिस या परजीवी जंतूंच्या रोगात, म्हणजे पिल्लं हगून पोट फुगून मरतात तेव्हा, पाल्याच्या अर्कावर विसंबू नका. लेंडी तपासून सल्फा औषध घ्या. लेंडीतली या जंतूंची अंडी ओल-ऊब मिळाली की दोन-चार दिवसांत रोग पसरवायला तयार होतात, म्हणून पावसाळ्यात पिंजऱ्याखालची लेंडी रोज काढा, तळाला जाळीच ठेवा. फिनाईलने ती अंडी मरत नाहीत. उकळतं पाणी किंवा फ्लेमगन, म्हणजे आगीची ज्वाळा सोडणारं यंत्र, लागतं. तेवढ्या वेळात ससे दुसरीकडे हलवा.