शनिवारपर्यंत थांबू नकोस

'मावशी, माझी मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. पंधरा दिवस झाले, तिची पाण्याची बाटली मधल्या सुट्टीच्या आधीच संपते. बाई म्हणतात, सारखी बाथरूमला जाते. तिसऱ्या वर्षापासून तिने अंथरूण ओलं केलं नव्हतं, या आठवड्यात तीनदा झालं. युनिफॉर्मचा स्कर्टही कमरेत ढिला पडलाय. सासूबाई म्हणतात, ऑक्टोबरचा उकाडा आहे, पोरं पाणी पिणारच. नवरा म्हणतो, मोबाइलवर वाचणं बंद कर. सासऱ्यांना वीस वर्षं शुगर आहे. डब्यात रोज क्रीमची बिस्किटं मीच देत होते. शनिवारी उपाशीपोटी रक्त तपासावं म्हणते, पण घरात विषय कसा काढू?'
– एक आई, वर्तकनगर, ठाणे

अगं, घरात विषय नंतर काढ. हे उत्तर तुला मेलवर आजच पाठवलंय. इथे देतेय ते बाकीच्या आयांसाठी.

तुझ्या पत्रात मी अडले ती त्या स्कर्टपाशी. ऑक्टोबरमध्ये घोडबंदर रोडवर तासभर अडकलं की मीसुद्धा लिटरभर पाणी पिते. पण उकाड्यात पाणी घामावाटे जातं आणि लघवी उलट कमी होते. तुझी लेक खूप पिते, खूप वेळा जाते आणि वर बारीक होतेय. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की उकाड्यावर ढकलून चालत नाही, मधुमेह तर नाही ना, हे बघावं लागतं. रक्तातली साखर साधारण 180च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणजे पोरगी जास्त पाणी पिते म्हणून जास्त जात नसते. अंगातलं पाणी निघून जातं म्हणून तिला तहान लागते. 'लघवीला मुंग्या लागतात का बघा,' असं जुन्या बायका म्हणायच्या ते उगीच नव्हे. तू मात्र मुंग्यांची वाट बघू नकोस.

शनिवारचीही नको. उपाशीपोटी तपासणी मोठ्यांच्या सवयीची. लक्षणं असलेल्या मुलाची साखर कधीही बघता येते, जेवण झालेलं असलं तरी. आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि 'रँडम शुगर आणि लघवीची तपासणी करा' असं स्पष्ट सांग. बोटाला एक टोचणी, मिनिटभराचं काम. अशी लक्षणं असताना आकडा 200 किंवा त्याहून जास्त आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. आणि उलट्या, पोटदुखी, खोल खोल श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास किंवा गुंगी यातलं काहीही दिसलं, तर ओव्याचं पाणी देत बसू नकोस. दवाखान्याची वेळ न बघता रिक्षा करून थेट कॅज्युअल्टीत जा. कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय असो की घराजवळचं खासगी, मुलांचा डॉक्टर असला म्हणजे झालं.

आता बिस्किटं. मुलांमध्ये बहुतेक वेळा जो मधुमेह होतो तो टाइप 1. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्शुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशी मारते. बिस्किटांनी तो होत नाही, लाडू-चॉकलेटनीही नाही. सासऱ्यांचा बहुधा टाइप 2 असणार, त्याची गोष्टच वेगळी. क्रीमची बिस्किटं रोज देऊ नयेत हे खरंच, पण ते दातांसाठी. या प्रकरणात तुझ्यावर गुन्हा दाखल होत नाही.

कदाचित मधुमेह नसेलही. लघवीचा जंतुसंसर्ग झाला तरी मुलं पुन्हा अंथरूण ओलं करतात, सारखी जातात. तसं निघालं तर उत्तमच; सासूबाईंना 'बघ, उगाच घाबरलीस' म्हणू दे.

आणि निघालाच, तर कुणीतरी नक्की म्हणेल, 'लहान पोर आहे, इन्शुलिन लावू नका, एकदा लागलं की सुटत नाही. कारल्याचा रस द्या.' तिथे तुला आवाज चढवावा लागेल, चढव. इन्शुलिन हे व्यसन नाही. शरीरात तयार होईनासं झालेलं बाहेरून द्यायचं, इतकंच. 1922च्या जानेवारीत टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे, दुसरा इलाज नव्हता. आज ही मुलं इन्शुलिन घेऊन शाळेत जातात, खोखो खेळतात, वाढदिवसाचा केकही हिशेबाने खातात.

सासूबाई दुष्टपणाने बोलत नसाव्यात. नातीच्या बाबतीत तो शब्द उच्चारायलाच त्यांची जीभ वळत नसेल. तू सासऱ्यांना हाताशी धर. वीस वर्षं बोट टोचून घेतलेला माणूस घरात आहे, त्याला 'बाबा, तुम्ही चला ना आमच्याबरोबर' म्हण. डॉक्टरांकडे पोचायला उशीर होणार असेल तर सासऱ्यांच्या साखर मोजायच्या मशीनवर बघून घ्या. पण सुई नवी, पट्टीची तारीख तपासलेली आणि पोरीचा हात साबणाने धुऊन कोरडा केलेला. बोटाला बिस्किटाचा चुरा असला तरी आकडा फुगतो. आकडा बरा आला तरी डॉक्टरांकडे जायचंच. आणि आधी आजोबांनी स्वतःचं बोट टोचून दाखवावं, म्हणजे ती रडायची नाही. निदान कमी रडेल.

रात्री आकडा कळव. मी जागी असते.

– मावशी