रांग कुणी आखली, कधी आखली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. डॅलसच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत झालेला वाद तू सविस्तर लिहिलास, बरं केलंस. ‘आपण रांगेत उभे राहून आलो, हे मेक्सिकन कुंपण ओलांडून आले’ असं तुझा सहकारी म्हणाला, आणि तो आपल्याच नाशिककडचा. तुला ते खटकलं, पण उत्तर सुचलं नाही. शाळेत मी तुम्हाला सनावळ्या पाठ करायला लावत नसे. आज मात्र सनावळीच पाठवते आहे, कारण या वादातली प्रत्येक गोष्ट ‘कोणत्या साली?’ या प्रश्नावर येऊन ठरते.

तू राहतोस त्या जमिनीपासून सुरुवात कर. तुझं डॅलस ज्यात आहे तो टेक्सास 1830 च्या सुमारास मेक्सिकोचा भाग होता. मेक्सिकोने 1829 साली गुलामगिरी बंद केली आणि 6 एप्रिल 1830 च्या कायद्याने अमेरिकेतून येणाऱ्या नव्या वसाहतकऱ्यांना मनाई केली. तरी कापूस पिकवणारे गोरे शेतकरी आपले गुलाम घेऊन येतच राहिले. कायदा मोडून सीमा ओलांडणारे लोंढे तेव्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे येत होते. मग 1836 साली टेक्सास फुटून निघाला, 1845 मध्ये अमेरिकेत सामील झाला, युद्ध पेटलं आणि 2 फेब्रुवारी 1848 च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहात मेक्सिकोने (टेक्सास धरून) आपला निम्म्याहून अधिक मुलूख गमावला. मोबदला मिळाला दीड कोटी डॉलर.

सॅन अँटोनियोला गेलास तर आलामो बघशीलच, म्हणजे 1836 च्या त्या लढ्यात टेक्सासचे सैनिक जिथे लढता लढता पडले ती जुनी गढी. तिथे हुआन सेगीन हे नाव शोध. हा मेक्सिकन वंशाचा टेक्सासकर. टेक्सासच्या बाजूने लढला, आलामोत पडलेल्यांच्या राखेवर 1837 साली अंत्यसंस्कार त्यानेच करवले, पुढे शहराचा महापौर झाला. आणि 1842 साली फितुरीच्या आरोपाखाली, गोऱ्या शेजाऱ्यांच्या भीतीने त्याला मेक्सिकोत पळून जावं लागलं. ज्या मातीसाठी रक्त सांडलं, तिथेच तो परका ठरला. मेक्सिकनांकडे बघण्याच्या आजच्या दृष्टिकोनाचं एक मूळ मला इथे दिसतं. जिंकलेल्या मुलखातल्या मूळ रहिवाशाला एकदा उपरा ठरवलं, की त्याच्या मागून येणारा प्रत्येक जण आपोआप घुसखोर वाटू लागतो.

दुसरं मूळ शेतात आहे. चिनी मजुरांना 1882 च्या कायद्याने दार बंद झालं, तेव्हा रेल्वे आणि मळे मेक्सिकन हातांवर चालू लागले. 1917 चा कायदा तर तुझ्या सहकाऱ्याला मुद्दाम वाचायला दे. त्या कायद्याने भारतासकट आशियाचा बहुतेक भाग बंद केला, साक्षरतेची अट घातली, माणशी आठ डॉलर कर लावला. काही महिन्यांतच मळेवाल्यांच्या आग्रहावरून मेक्सिकन मजुरांना या अटींतून सूट मिळाली. तेव्हा रांगेबाहेर आपण होतो आणि आमंत्रण त्यांना होतं. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीतल्या पंजाबी शेतकऱ्यांना मायदेशातून बायका आणता येईनात, गोऱ्या स्त्रियांशी लग्न कायद्याने होईना, म्हणून अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. आणि आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, त्यांना आसरा दिला तो मेक्सिकोने. चापिंगोच्या कृषिशाळेत त्यांनी शिकवलं, मक्यावर संशोधन केलं. तिथले विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं.

पुढे मंदी आली आणि 1930 च्या दशकात लाखो मेक्सिकनांना गाड्यांत भरून परत धाडलं. त्यात अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे सरळसरळ नागरिक असलेले कितीतरी जण होते. कॅलिफोर्नियाने त्याबद्दल 2005 साली कायदा करून माफी मागितली. मग महायुद्ध. हात कमी पडले, की 1942 पासून ‘ब्रासेरो’ करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मजुरीसाठी, मेक्सिकनांना पुन्हा बोलावणं. बावीस वर्षांत सुमारे 46 लाख करार झाले. टेक्सासमधल्या हिदाल्गोच्या केंद्रावर 1956 साली काढलेलं एक छायाचित्र आहे: उघड्या अंगाने रांगेत उभे मजूर, आणि तोंडावर मास्क बांधलेला कर्मचारी त्यांच्या चेहऱ्यावर डीडीटी हे कीटकनाशक मारतो आहे. फवारणाऱ्याला मास्क आहे, मजुराला नाही. मळ्यात या लोकांच्या हाती आखूड दांड्याची कुदळी असे. लेट्युसची विरळणी तिने दिवसभर कमरेत वाकूनच करावी लागे. कुणी पाठ सरळ केली की मुकादमाला लांबूनच दिसे. कॅलिफोर्नियात ती बंद व्हायला 1975 साल उजाडलं. आणि हे बोलावणं चालू असतानाच, 1954 साली, सरकारने धरपकडीची मोठी मोहीमही काढली. दहा लाखांहून अधिक लोक घालवल्याचा दावा केला. काम हवं, माणूस नको, ही वृत्ती तिथे अशी पिढ्यानपिढ्या मुरली आहे.

आता मुख्य गोष्ट. ब्रासेरो योजना 1964 अखेर संपली. पुढच्याच वर्षी आलेल्या 1965 च्या कायद्याने आशियाई लोकांवरची जुनी बंधनं काढली. आपले डॉक्टर, इंजिनिअर, आणि मागाहून तुम्ही मुलं, त्याच दारातून गेलात. त्याच कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर पहिल्यांदा संख्येची मर्यादा आली, आणि 1976 मध्ये मेक्सिकोसह प्रत्येक देशाला वर्षाला 20,000 चा आकडा ठरला. तेच मळे, तेच मजूर, तीच वाट. फक्त कागद गेला.

मग त्यांनी कोणत्या रांगेत उभं राहावं? कमी कौशल्याच्या कामगारांसाठी कायमस्वरूपी व्हिसे वर्षाला फार तर 10,000, तेही साऱ्या जगासाठी. हंगामी व्हिसा आहे, पण हंगाम संपला की परत. नागरिकाच्या मेक्सिकन भावंडाला वीस वर्षांहून जास्त थांबावं लागतं. ग्रीन कार्डासाठी ताटकळलेल्या तुझ्या सहकाऱ्याला याचं दुःख कळायला हवं. ज्या देशनिहाय मर्यादेने त्याला अडवलंय, तिनेच त्यांनाही अडवलंय.

एक सांभाळ मात्र. समोरचा प्रत्येक जण वंशद्वेष्टा आहे असं धरून बोलू नकोस. मळेवाल्यांनी ब्रासेरो मजूर संप फोडायला वापरले, मजुरी पाडायला वापरले. सेझार चावेझ स्वतः मेक्सिकन वंशाचे, शेतमजुरांचे पुढारी. त्यांनीही या योजनेविरुद्ध लढा दिला. पोटाची भीती खरी असते, तिचं ऐकून घे. पण सगळा राग आकड्यांमुळे आहे असंही मानू नकोस. 2009 ते 2014 या काळात अमेरिकेत आलेल्या मेक्सिकनांपेक्षा परत गेलेले जास्त होते, आणि मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधण्याची ट्रम्प यांची घोषणा गाजू लागली ती त्यानंतर, 2015 साली.

तेव्हा आता असं कर. त्या सहकाऱ्याला ऑफिसात सगळ्यांदेखत गाठू नकोस, घरी जेवायला बोलाव. 1917 आणि 1965, या दोन कायद्यांत भारत कुठे होता आणि मेक्सिको कुठे, एवढंच त्याच्यापुढे ठेव. आणि थोडं स्पॅनिश शिकायला लाग. तुमच्या इमारतीची साफसफाई करणाऱ्या बाईंबद्दल तू लिहिलंयस. त्यांचं गाव कोणतं, हे त्यांच्याच भाषेत विचार. काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझ्या बाई