पेटी उबदार नको, कोरडी हवी

प्रश्न : ताई, माझ्याकडे मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशांच्या तीन पेट्या आहेत. थंडी शून्याच्या बरीच खाली जाते. गेल्या हिवाळ्यात एक वसाहत गेली. वसंतात झाकण उचललं तर आतून ते ओलं, चौकटींवर बुरशी, आणि मूठभर माशा रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या. नवल म्हणजे दोन चौकटी सोडून पलीकडे मध तसाच होता. यंदा पेट्यांना ब्लँकेट गुंडाळू का?

उत्तर : ब्लँकेटचं नंतर बघू. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी पेटीला प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला होता, फट म्हणून ठेवली नाही. मार्चमध्ये झाकण काढलं तर मनगटावर थेंब पडले. माशा काळ्या पडून तळपाटावर चिकटल्या होत्या. थंडीने मेल्या असं मी वर्षभर लोकांना सांगत राहिले. खरं तर त्या भिजून मेल्या होत्या, आणि भिजवल्या मी.

माशा पेटी गरम करत नाहीत, फक्त स्वतःचा गोळा गरम ठेवतात. पारा साधारण 14 अंशांखाली उतरला की त्या एकमेकींना बिलगतात आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतात. गाभ्यात पिल्लं असतील तर तिथे 34-35 अंश तापमान असतं. बाहेरच्या थरातल्या माशा मात्र 10 अंशांच्या आसपास तग धरून असतात. याला इंधन मधाचं. आता हिशेब बघा : एक किलो मध खाल्ला की त्यातून सुमारे 650 ग्रॅम पाणी तयार होतं. वसाहतीने हिवाळाभरात 20 किलो मध संपवला तर 13 लिटर पाणी झालं, म्हणजे बादलीभर! ते वाफेच्या रूपाने वर जातं, गार झाकणाला लागून थिजतं आणि थेंबाथेंबाने माशांच्या अंगावर पडतं. कोरडी माशी कडाक्याची थंडी काढते, भिजलेली काढत नाही.

म्हणून ऊब द्यायचीच तर आधी झाकणाला द्या. आतल्या झाकणावर पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा थर्माकोलचा तक्ता ठेवा. वर बोटाएवढी हवेची वाट असू द्या. पेटीचा मागचा भाग किंचित उंच ठेवा, पाणी दारातून बाहेर येईल. हे झाल्यावर वाऱ्याच्या बाजूने खुशाल गुंडाळा, फक्त दार आणि वरची वाट मोकळी सोडा. दाराची उंची सेंटिमीटरपेक्षा कमी करा, नाहीतर उंदीर आत संसार थाटतात.

पण तुमच्या पत्रातला मला खटकलेला शब्द ‘मूठभर’. दोन चौकटींपलीकडे मध असूनही माशा उपाशी मेल्या, कारण एवढासा गोळा थंडीत बाजूला सरकू शकत नाही. सरकला तर ऊब जाते. मग गोळा एवढासा का राहिला? माझा संशय व्हरोआवर आहे, म्हणजे माशांच्या अंगाला चिकटून जगणाऱ्या बारीक परजीवी कोळ्यावर. उन्हाळ्यातली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते, हिवाळी माशी पाच-सहा महिने. ती जगते अंगातल्या चरबीवर, आणि कोळी नेमकी तीच खातो. सॅम्युअल रॅमसे आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये ते दाखवून दिलं. हिवाळी माशा उन्हाळ्याच्या अखेरीपासूनच जन्माला यायला लागतात. तेव्हा इलाज मध काढल्याबरोबर हवा. पहिली थंडी पडल्यावर केलेला इलाज पुढच्या वर्षासाठी.

तपासायचं असं : पिल्लांच्या चौकटीवरून अर्धा कप माशा घ्या, त्या सुमारे 300 भरतात. राणी त्यात नाही ना, हे दोनदा बघा. जाळीचं झाकण लावलेल्या बरणीत पिठीसाखर घालून त्या घोळवा आणि साखर पांढऱ्या ताटात झाडा. तांबूस ठिपके म्हणजे कोळी, ते मोजा. 9 निघाले म्हणजे शंभराला 3 झाले, मग थांबायचं नाही. फॉर्मिक आम्ल मेण लावून बंद झालेल्या घरांतही पोचतं. ऑक्झॅलिक आम्ल पिल्लं नसतानाच कामाचं. मात्रा डब्यावर लिहिलेलीच, अंदाजपंचे नको.

खाणं : कडक हिवाळ्यासाठी 30 किलो मधाच्या खाली मी जात नाही. वजनकाट्याच्या आकड्याने आधी पेटीची एक बाजू जराशी उचला, मग दुसरी, आणि दोन्ही वजनं मिळवा. त्यातून रिकाम्या पेटीचं, चौकटींचं वजन वजा करायला विसरू नका, मी विसरले होते. कमी भरलं तर दोन भाग साखर, एक भाग पाणी असा पाक द्या, तोही थंडी पडायच्या आत. उशिरा दिलेल्या पाकातलं पाणी त्यांना आटवता येत नाही.

एखादी वसाहत आताच दुबळी दिसत असेल आणि रोगी नसेल, तर तिची राणी काढून टाका आणि उरलेली वसाहत दणकट वसाहतीला जोडा. मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून टाचणीने चार भोकं पाडायची. कागद कुरतडून होईपर्यंत दोघींचा वास एक होतो.

प्रश्न : राणीरोधक जाळी हिवाळ्यात राहू दिली तर चालेल?

उत्तर : नाही. गोळा मध खात वर सरकतो, राणी जाळीखाली अडकते आणि गारठून मरते. आजच काढा.

प्रश्न : बर्फ पडल्यावर आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय जीव राहत नाही. झाकण उचलू का?

उत्तर : हात खिशात ठेवा. कान पेटीला लावा आणि बोटाने एकदाच टिचकी मारा. ‘हुंऽऽ’ असा आवाज उठून लगेच निवला तर सगळं ठीक. बराच वेळ रडवा, विस्कटलेला आवाज येत राहिला तर राणी गेली असण्याची शंका घ्यावी. अगदीच शांत असेल तर दुसऱ्या बाजूने ऐका, गोळा तिकडे असेल. दारात मेलेल्या माशा साचल्या तर वाकड्या तारेने ओढून काढा.

मग एखाद्या उन्हाच्या दुपारी, पारा 10-12 अंशांवर गेला की त्या बाहेर झेपावतील. पेटीत घाण करत नाहीत, आठवडेच्या आठवडे पोटात धरून बसतात. बर्फावर पिवळे ठिपके दिसले की घाबरू नका. दोरीवर कपडे वाळत असतील तर मात्र आधी ते काढून घ्या.