दोन निशाणांखाली बुडालेले जहाज

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेलो असता ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात एका जुन्या युद्धनौकेची पिछाडी, खिडक्या आणि कोरीवकामासह, जपून ठेवलेली पाहिली. ही नौका मूळची फ्रेंच. ट्रफाल्गारला ती इंग्रजांविरुद्ध लढली आणि पुढे इंग्रजांनीच ती वापरली, असे कळले. हे कसे घडले, आणि मग पूर्ण जहाज का राखले नाही?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण पाहिलेली पिछाडी ‘इम्प्लॅकेबल’ या जहाजाची आहे. त्याचे मूळ नाव ‘द्युगे-त्रुएँ’. 1711 मध्ये रिओ दि जानेरो जिंकणाऱ्या सेंट मालोच्या दर्यावर्दीचे हे नाव. 1800 मध्ये फ्रान्समधील रोशफोर येथे हे 74 तोफांचे जहाज पाण्यात उतरले. त्याच्या तोफमजल्याची लांबी सुमारे 55 मीटर, म्हणजे ठाणे स्थानकात उभ्या असलेल्या लोकलच्या तीन डब्यांहूनही थोडी कमी. एवढ्या जागेत कित्येक शे माणसे, दारूगोळा आणि महिनोन्‌महिन्यांचा शिधा मावत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळच्या आरमारी आयुष्याची कल्पना येते.

21 ऑक्टोबर 1805 रोजी स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रफाल्गारला झालेल्या आरमारी लढाईत हे जहाज फ्रेंच रिअर ॲडमिरल द्युमान्वारच्या आघाडीच्या तुकडीत होते. इंग्रज ॲडमिरल नेल्सनने मधली फळी फोडली तेव्हा आघाडीने वळून मदतीला यायला हवे होते. पण वारा इतका मंद होता की होड्या उतरवून जहाजांची तोंडे ओढून फिरवावी लागली आणि त्यात मोलाचा वेळ गेला. द्युमान्वारला दोष देणारे या वाऱ्याचा विचार क्वचितच करतात, असे मला वाटते. त्याची चार जहाजे तेथून निसटली खरी, पण 4 नोव्हेंबरला स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील केप ऑर्तेगालजवळ सर रिचर्ड स्ट्रॅचनच्या इंग्रज तुकडीने ती गाठली आणि चारही पकडली. ‘द्युगे-त्रुएँ’चा कप्तान तुफे या लढाईत मारला गेला.

पकडलेले धडधाकट जहाज मोडायचे नाही, तर नाव बदलून आपल्या ताफ्यात घ्यायचे, हीच तेव्हाची रीत होती. ‘इम्प्लॅकेबल’ झालेल्या या जहाजाने 1808 मध्ये बाल्टिक समुद्रात ‘सेंटॉर’ या इंग्रज जहाजाबरोबर रशियाच्या ‘व्हसेव्होलोद’ या युद्धनौकेचा पाडाव केला आणि 1840 मध्ये सिरियाच्या किनाऱ्यावरील मोहिमेत भाग घेतला. 1855 पासून ते डेव्हनपोर्टला पोरांना नाविकविद्या शिकवणारे जहाज बनले. फ्रेंच निशाणाखाली पाच वर्षे आणि इंग्रजांकडे 144, असा त्याच्या आयुष्याचा हिशेब आहे.

जेफ्री व्हीटली कॉब या धनिकाने 1912 मध्ये ते सांभाळायला घेतले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, 1932 पासून पोर्ट्‌समथच्या बंदरात त्याच्या शेजारी नांगरलेले, तेव्हा ‘फूद्रोयाँ’ म्हटले जाणारे जहाज आपल्याच मुंबईचे होते. ‘त्रिंकोमाली’ या मूळ नावाने जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलेले हे जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरले होते, आणि तेही कॉबनेच 1897 मध्ये विकत घेऊन वाचवले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनची तिजोरी रिकामी होती. ‘इम्प्लॅकेबल’ची डागडुजी कुणालाच पेलेना, फ्रान्सनेही ते परत घेण्यास नकार दिला. अखेर 2 डिसेंबर 1949 रोजी ब्रिटिश आणि फ्रेंच अशी दोन्ही निशाणे शेजारी शेजारी लावून ते आइल ऑफ वाइटजवळ खोल पाण्यात नेले आणि सुरुंग लावून बुडवले. त्याआधी काढून घेतलेली पिछाडी आणि नाळेवरची मूर्ती तेवढी ग्रीनिचला उरली. या घटनेने ब्रिटनमध्ये अनेकांच्या मनाला चटका बसला, आणि ‘कटी सार्क’ या मालवाहू शिडाच्या जहाजाला वाचवण्याच्या प्रयत्नांना त्यातून बळ मिळाले.

पुन्हा इंग्लंडला जाणे झाले, तर हार्टलपूललाही जरूर जावे. मुंबईची ‘त्रिंकोमाली’ तेथे आजही पाण्यावर तरंगते आहे आणि तिच्या मजल्यांवरून हिंडता येते.